घाट चढल्यावर येणारा जळक्या ऑइलचा वास: एका पेट्रोल गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २०१४ सालची, बाराशे सीसीची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. रनिंग सत्तर हजार किलोमीटरच्या आत. मालक रत्नागिरी शहरात राहणारे हायस्कूलचे शिक्षक. त्यांना इथे ‘सर’ एवढंच म्हणतो. गाडीचं रोजचं काम म्हणजे घर ते शाळा, शाळा ते बाजार, कधी संध्याकाळी मांडवी किंवा भाट्याचा किनारा. एका फेरीत चार-पाच किलोमीटरच्या वर गाडी चालतच नाही. महिन्यातून एकदा मात्र आईला घेऊन कोल्हापूर. पालीला महामार्ग सोडायचा, नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढायचा. आईंच्या डोळ्यांचे उपचार तिकडे चालू आहेत.

गाडी कुठे आणि कशी फिरते ते एवढं सविस्तर सांगतोय, कारण या प्रकरणातलं निम्मं निदान त्यातच होतं. आमच्याकडे आलेल्या गाडीचं बॉनेट आधी उघडलं जातं आणि मालकाला प्रश्न मागाहून विचारले जातात. वासाच्या तक्रारीत हा क्रम उलटा हवा.

तक्रार

सर दिवाळीनंतर आले. त्यांचं म्हणणं असं: ‘‘मिस्त्री, घाट चढून वर आंब्याला चहाला थांबलो की गाडीत जळका वास भरतो. गावात फिरताना काहीच नाही. दोन ठिकाणी दाखवली, पण दाखवायला नेली की वास गायब. आता आई म्हणते, तुझं नाकच बिघडलंय.’’

मी विचारलं, चढताना येतो की थांबल्यावर? थांबल्यावर, किंवा ट्रकच्या मागे अडकून गाडी मुंगीच्या चालीने जायला लागली की. एसी बाहेरची हवा घेतो की आतलीच फिरवतो? सरांनी आजवर त्या बटणाला हात लावला नव्हता. ते कायम बाहेरच्या हवेवर होतं. ऑइल कमी होतं का? मध्यंतरी अर्धा लिटर घालावं लागलं होतं.

घाटातल्या जळक्या वासाला आमच्या भागात पहिला संशय क्लचवर जातो. तो चुकीचा नाही. हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारे चालक आंबा घाटात रोज दिसतात. पण क्लचचा वास गाडी तोलताना, वळणावर गाडी उचलताना येतो आणि थोड्या वेळात विरतो. तो कागद किंवा लायनर जळल्यासारखा कोरडा असतो. ब्रेकचा वास बहुतेक वेळा उतरताना येतो आणि चाकाजवळ जास्त जाणवतो. कूलंट गळत असेल तर वासाला गोडसर झाक असते. चढून थांबल्यावर, काचेखालच्या जाळीतून आत येणारा, घशाला धरणारा तेलकट वास म्हणजे गरम एक्झॉस्टवर ऑइल पडतंय, असं समजून पुढे जायला हरकत नाही. गाडी पळत असते तोवर वारा तो धूर खालून काढून नेतो. थांबली की धूर बॉनेटखाली कोंडतो आणि काचेखालच्या जाळीतून ब्लोअर तो आत ओढतो.

आधी झालेली कामं

पहिल्या गॅरेजमध्ये पावसाळ्यात टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या हेडवर (वरच्या भागावर) बसणाऱ्या मोठ्या झाकणाचं, गॅस्केट (सांध्यातली रबरी पट्टी) बदललं होतं. वरून सगळ्या कडेने सिलिकॉन पेस्ट मारली होती आणि ‘लीकेज बसेल’ म्हणून कंपनीने सांगितलेल्यापेक्षा जाड, २०डब्ल्यू-४० ऑइल भरलं होतं. महिनाभर वास गेला, मग पुन्हा आला.

दुसऱ्या गॅरेजवाल्याने चालू इंजिनचं ऑइल भरायचं झाकण काढलं. आतून वाफ फुसफुसत बाहेर आली. ‘‘रिंगा गेल्या. हाफ इंजिन करावं लागेल,’’ म्हणजे पिस्टनवरच्या कड्या झिजल्यात, इंजिन खोलून त्या बदलाव्या लागतील, असं सांगून त्याने ४५ हजारांचा अंदाज दिला. सरांची झोप उडाली ती वासामुळे नाही, या कागदामुळे.

या दुसऱ्या मिस्त्रीला मी मूर्ख ठरवणार नाही. त्याने पाहिलेली खूण खरी होती, इंजिनच्या पोटात दाब साचत होता. फक्त त्या खुणेमागे जी कारणं असू शकतात, त्यातलं सगळ्यात महागडं त्याने आधी उचललं.

पहिली पाहणी

या इंजिनला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे जळालेला गरम धूर बाहेर नेणारा नळ्यांचा जोड, मागच्या बाजूला, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) आहे. बॉनेट उघडून वरून बघितलं तर टॅपेट कव्हरची पुढची कड स्वच्छ, नव्या पेस्टने चकचकीत. मागची कड दिसतच नाही. मोबाइलचा टॉर्च लावून कॅमेरा मागे सरकवला आणि व्हिडिओ काढला. पडद्यावर दिसलं ते असं: कव्हरच्या मागच्या कडेखाली हेडवर तांबडा चिकट पट्टा, त्याच्याखाली मॅनिफोल्डच्या उष्णतारोधक पत्र्यावर काळे ओघळ, आणि पत्र्याच्या खोबणीत मूठभर काथ्या आणि सुपारीची सोडणं. उंदराचं घर. काथ्याची टोकं ऑइलने भिजली होती आणि खालची बाजू करपून काळी पडली होती.

तांबडा पट्टा आमच्याकडे फार उपयोगी पडतो. जांभ्याची बारीक धूळ कोकणात सगळ्या इंजिनांवर बसते. कोरड्या भागावरची फुंकरीने उडते, ओलावा असेल तिथे धरते. त्यामुळे जुनी गळतीही रंगावरून कळते. मात्र एक अडचण आहे. वर गळालेलं ऑइल खाली आणि मागे पसरतं, त्यामुळे तांबडा भाग गळतीच्या जागेपेक्षा बराच मोठा असतो. सरांच्या इंजिनचा खालचा अर्धा भागही तांबडा होता. क्रँकच्या ऑइल सीलपासून ऑइल चेंबरपर्यंत काहीही गळत असू शकलं असतं.

पहिला निर्णय: गाडी चालवायची की नाही

चार दिवसांनी आईंची कोल्हापूरची तारीख होती. सर म्हणाले, ‘‘एवढी एक खेप होऊ दे, आल्यावर टाकतो गाडी.’’

इंजिन ऑइलची वाफ ज्वाळा दाखवल्यावर पेट घेऊ लागते ती साधारण २०० अंश सेल्सियसच्या वर. चढावर ताण घेणाऱ्या पेट्रोल इंजिनचं मॅनिफोल्ड ४०० अंशांच्याही पुढे जातं. एवढ्यावर एखाद-दुसरा थेंब पडला तर बहुतेक वेळा नुसता धूर होतो. असा वास घेऊन वर्षभर फिरलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. पण इथे त्या पत्र्यावर ऑइलमध्ये भिजलेला काथ्या होता आणि त्याने एकदा करपून दाखवलं होतं. घाटात, सत्तरीच्या बाईंना मागच्या सीटवर बसवून हा जुगार खेळायचा नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. सर नाराज झाले. आई एसटीने गेल्या, सर सोबत गेले, गाडी माझ्याकडे राहिली.

काथ्या काढून टाकल्यावर गाडी नेता आली असती का? शहरात, सपाटीवर, लक्ष ठेवून, नेता आली असती. घाटात मी तरी नेली नसती. किती गळतंय हेच तोवर माहीत नव्हतं.

समोर असलेले पर्याय

लीकेज थांबवणारं औषध ऑइलमध्ये टाकणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. अशी औषधं रबर थोडं फुगवतात; कडक झालेल्या जुन्या सीलला कधी उपयोग होतो. इथलं गॅस्केट काही महिन्यांपूर्वीचं होतं, त्यामुळे तो विचार सोडला.

गॅस्केट पुन्हा बदलणं हा सरांचा स्वतःचा कल. ‘‘आधीच्याने नीट बसवलं नसेल, तुम्ही नीट बसवा.’’ आधीच्याने नीट बसवलं नव्हतंच. पण नव्या गॅस्केटमधून काही आठवड्यांत ऑइल आलं, तर ते आतून ढकललं जातंय का हे बघितल्याशिवाय पुन्हा तेच करणं म्हणजे मजुरी दोनदा घेणं.

हाफ इंजिनचा पर्याय कागदावर होताच. तो मी नाकारला नाही, शेवटी ठेवला. आधी स्वस्तातल्या तपासण्या, मग उघडणं, असं ठरलं.

तपासणी

आधी धुणं. आमच्याकडे डिझेल मारून हवेने इंजिन साफ करायची पद्धत आहे. मॅनिफोल्डच्या आसपास मी ते टाळतो. थंड इंजिनवर डिग्रीझर, ब्रश, बेताचं पाणी, कॉइल आणि अल्टरनेटर प्लास्टिकने झाकून. मग पूर्ण वाळवलं आणि संशयाच्या सगळ्या जागांवर अंगाला लावायची पांढरी पावडर भुरभुरली: कव्हरची चारही बाजूंची कड, ऑइल फिल्टरची बैठक, क्रँक पुलीच्या मागे, गिअरबॉक्सचा जोड.

वास घाटातच येतो, म्हणून तपासणीही घाटात केली. महामार्गाने निवळीकडे जाऊन घाट उतरून बावनदीपर्यंत गेलो आणि तसाच वर आलो. गाडीत आग विझवायचा सिलिंडर होता. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर पूर्ण सोडून. खाली पोचल्यावर जोरात रेस दिली आणि मागे येणाऱ्या पोराला धूर बघायला सांगितला. व्हॉल्व्हची ऑइल सील गेली असतील तर अशा वेळी निळ्या धुराचा भपका निघतो, कारण लांब उतारावर इंजिन व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल आत ओढत राहतं. भपका नव्हता. परत येताना पूर्ण चढ ताणून काढला. रिंगा गेलेल्या असत्या तर इथे निळा धूर सलग दिसला असता. तोही नव्हता. वर येऊन थांबलो आणि वास आला, अगदी सरांनी सांगितला तसा. आतली हवा फिरवायचं बटण दाबलं. वास हळूहळू कमी झाला. म्हणजे तो बाहेरून, बॉनेटखालूनच येत होता.

गाडी थंड झाल्यावर पावडर पाहिली. कव्हरची पुढची कड पांढरीच. मागच्या कडेला टायमिंगच्या कोपऱ्यापासून मधल्या बोल्टपर्यंत पावडर भिजून काळपट, आणि तिथून पत्र्यावर दोन ताजे ओघळ. ऑइल फिल्टर कोरडा. क्रँक पुलीमागे अंगठ्याएवढा ओलसर डाग. बाकी काही नाही. धुण्याआधी अर्धं इंजिन दोषी दिसत होतं. आता वीतभर कड उरली.

वास घाटातच का, याचं उत्तरही इथे मिळालं. इंजिन आडवं बसवलेलं आहे. चढावर गाडीचं तोंड वर होतं आणि हेडमधलं ऑइल मागच्या कडेला साचतं, म्हणजे नेमकं गळक्या बाजूला आणि मॅनिफोल्डच्या डोक्यावर. त्यात चढावर इंजिनला ताण जास्त, त्यामुळे पिस्टनवरून खाली झिरपणारा वायूही जास्त. सपाट रस्त्यावर यातलं काही जुळून येत नाही.

आता दाबाचा प्रश्न. इंजिन आयडलवर ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि तोंडावर वहीचा पातळ कागद ठेवला. चांगल्या इंजिनमध्ये कागद हलकासा ओढला जातो. इथे तो उडून बॅटरीवर पडला. पण दाब आहे एवढंच कागद सांगतो. तो रिंगांमुळे आहे की बाहेर जायची वाट बंद झाल्यामुळे, हे सांगत नाही. याच फरकावर ४५ हजार अवलंबून होते.

म्हणून पीसीव्ही व्हॉल्व्ह काढला. पिस्टनवरून खाली येणारे वायू पुन्हा इनटेकमध्ये पाठवणारा हा बोटाएवढा व्हॉल्व्ह, टॅपेट कव्हरवर बसवलेला. कानाशी धरून हलवला की आतली गोटी खुळखुळायला हवी. हा मुका होता. फुंकर कुठल्याच बाजूने जात नव्हती. एअर फिल्टरकडे जाणारा ब्रीदरचा पाइप काढला, तर आत पिवळट-करड्या मळीने भोक पेन्सिलीएवढं उरलेलं. एक वाट बंद आणि दुसरी अरुंद झाली की वायू जाणार कुठे? जिथे अडवणूक सगळ्यात कमी तिथे, म्हणजे गॅस्केटमधून.

सरांना फोन करून कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते मोजायची तपासणी, करू का विचारलं. व्हॉल्व्ह सापडल्यावर तिची तितकीशी गरज नव्हती. पण ४५ हजारांचा कागद त्यांच्या खिशात होता, आणि आकडा दिसल्याशिवाय तो फाडला जाणार नव्हता. चारही सिलिंडर १६५ ते १७५ पीएसआयच्या दरम्यान आले. रिंगा ठणठणीत.

मळी कुठून आली

झाकणाच्या आत आणि व्हॉल्व्हच्या नळीत साईसारखा पांढरट थर होता. हे दिसलं की कोणीतरी ‘हेड गॅस्केट गेलं, पाणी ऑइलमध्ये उतरलं’ म्हणून घाबरवतंच. तसं असतं तर कूलंट कमी झालं असतं आणि गेजवरचं, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या काडीवरचं, ऑइलही चहासारखं दुधाळ दिसलं असतं. सरांच्या गाडीत कूलंट जागेवर, गेजवर ऑइल काळं पण नितळ.

खरी गोष्ट साधी आहे. इंजिनमध्ये पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते आणि थोडी वाफ खाली ऑइलकडे जाते. इंजिन पुरेसा वेळ गरम राहिलं तर ती उडून बाहेर पडते. रत्नागिरीच्या पावसाळ्यात, चार किलोमीटरच्या फेऱ्यांत, ऑइल नीट तापायच्या आत गाडी बंद होते. वाफ झाकणाच्या थंड भागावर पाणी होऊन बसते, ऑइलमध्ये घुसळली जाते, आणि वर्षानुवर्षं मळी साचत जाते. ऑइल बदलायची तारीख किलोमीटरवर मोजली, तर अशा गाडीत दीड-दोन वर्षं ऑइल तसंच राहतं.

दुरुस्ती

कव्हर उघडायला जास्त वेळ लागला तो जुनी पेस्ट काढायला. पेस्ट आतल्या बाजूनेही पसरली होती. दोन तुकडे सुटून कॅमशाफ्टजवळ लोंबत होते. ते खाली पडून ऑइल पंपाच्या जाळीत अडकले असते, तर रिंगांचं नुसतं नाव घेणाऱ्याला खरोखरच इंजिन उतरवावं लागलं असतं. कव्हरचे दोन बोल्ट खाऱ्या हवेने गंजून फुगले होते आणि बाकीचे इतके आवळलेले की गॅस्केट चेपून बाजूला सरकलं होतं. तिसरा स्पार्क प्लग ज्या खोल भोकात बसतो त्या विहिरीत ऑइल साचलेलं, कारण विहिरींची रबरं मागच्या वेळी बदललीच नव्हती.

खोबणी प्लास्टिकच्या पात्याने खरवडून, कापडाने पुसून पूर्ण कोरडी केली. लोखंडी पातं अॅल्युमिनियमवर चालवलं की ओरखडा हाच पुढच्या गळतीचा रस्ता होतो. कव्हर सपाट आहे का, हे स्टीलच्या पट्टीने बघितलं; होतं. नवं गॅस्केट, विहिरींची नवी रबरं, नवे बोल्ट. पेस्ट फक्त हेड आणि टायमिंग कव्हर जिथे मिळतात त्या दोन कोपऱ्यांवर, डाळीएवढी. बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने दहा न्यूटन-मीटरपर्यंत. सहा मिमीच्या बोल्टला याहून जास्त जोर लागत नाही, आणि हाताला ते कधी खरं वाटत नाही.

पीसीव्ही व्हॉल्व्ह नवा घातला, ब्रीदरचा पाइपही नवा. जाड ऑइल काढून ५डब्ल्यू-३० भरलं, फिल्टर बदलला. उष्णतारोधक पत्रा काढून धुतला. पुन्हा झाकण काढून कागद ठेवला. तो तोंडावर चिकटून बसला. सगळं मिळून खर्च साडेपाच हजारांच्या आसपास, त्यात ऑइल धरून.

परिणाम

गाडी देताना सरांना सांगून ठेवलं होतं, की पत्रा धुतला तरी मॅनिफोल्डच्या सांध्यांत मुरलेलं ऑइल काही दिवस जळत राहील. तरी तिसऱ्या दिवशी फोन आलाच: ‘‘मिस्त्री, वास आहे ओ अजून!’’ हळूहळू तो गेला. पुढच्या कोल्हापूरच्या खेपेत आंब्याला थांबून सरांनी मुद्दाम बॉनेट उघडून हुंगलं, असं आईंनी सांगितलं. त्यानंतर गेजवरची पातळी हलली नाही. पुढच्या पावसाळ्यात झाकणाखाली थोडा पांढरा थर पुन्हा दिसला, पण व्हॉल्व्ह खुळखुळत होता. आता सर रविवारी मुद्दाम हातखंब्यापर्यंत सलग फेरी मारतात आणि ऑइल दर सहा महिन्यांनी बदलतात, किलोमीटर कितीही होवोत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या गॅरेजला कव्हर उघडल्यावर व्हॉल्व्ह हातातच होता. तो एकदा हलवून बघायला पाच सेकंद लागतात. टॅपेट कव्हरचं गॅस्केट बदलताना पीसीव्ही बघणं हे मी कामाचाच भाग मानतो. अनेक ठिकाणी ते गिऱ्हाइकाने सांगितलं तरच होतं.

सरांनी दोन्ही गॅरेजांना ‘वास येतो’ एवढंच सांगितलं होतं. घाट, थांबा, ब्लोअर हे तपशील कोणी विचारलेही नाहीत आणि त्यांनी सांगितलेही नाहीत. आणि गाडी दाखवायला त्यांनी नेहमी शहरातूनच नेली, म्हणजे वास न येणाऱ्या रस्त्याने.

कॉम्प्रेशन टेस्टबद्दल माझ्या धंद्यातल्या मित्रांशी माझं पटत नाही. त्यांच्या मते व्हॉल्व्ह बदलून कागदाची तपासणी पुन्हा केली असती तर तेच उत्तर फुकटात मिळालं असतं, गिऱ्हाइकाचे पैसे वाचले असते. तंत्र म्हणून ते बरोबर आहे. पण ४५ हजारांच्या भीतीने आलेल्या माणसाला आकडा दाखवण्याची किंमत मी त्यात धरतो.

उरलेलं एक काम

क्रँक पुलीमागचा अंगठ्याएवढा डाग आम्ही मुद्दाम सोडला. ते सील बदलायला बेल्ट आणि पुली उतरवावी लागते, मजुरी बरीच होते, आणि आतला दाब गेल्यावर तिथलं पाझरणं आपोआप कमी होण्याची शक्यता होती. डागाभोवती मार्करने रेघ ओढून ठेवली आहे. आजवर डाग रेघेच्या आत आहे. तो बाहेर गेला तर पुढच्या वेळी बेल्ट बदलताना सीलही बदलायचं, असं जॉब कार्डावर लिहून ठेवलंय.